ना वायर, ना बल्ब, तरी लखलख!

गाडीच्या मागच्या बंपरकडे एकदा नीट बघा. दोन्ही कोपऱ्यांत खाली एकेक लाल पट्टी दिसेल, बोटभर रुंद आणि वीतभर लांब. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, डिकी उघडून बघतो, सीटकव्हरचा रंग ठरवतो. या पट्टीबद्दल मात्र कुणी एक शब्द विचारत नाही. मागे घेताना खांबाला घासली की आधी तीच फुटते आणि ‘दिवे शाबूत आहेत ना, मग झालं’ म्हणून तशीच राहते. काही हौशी मंडळी तर गाडी रुबाबदार दिसावी म्हणून तिच्यावर काळी फिल्म चढवतात.

ही पट्टी म्हणजे रिफ्लेक्टर. बॅटरी उतरली, फ्यूज उडाला, गाडी रस्त्याच्या कडेला अंधारात बंद पडली, तरी ही पट्टी कामावर हजर असते. तिच्या पोटात जे शास्त्र आहे ते थेट चंद्रापर्यंत जाऊन पोचलं आहे. आणि फुटली तर ती बदलायला गॅरेजची पायरीही चढावी लागत नाही. तर ऐका या पट्टीच्या चटकदार गोष्टी.

रेडियम? फक्त नावात!

आपल्याकडे गाडीवर चमकणारं काहीही चिकटवलं की ते ‘रेडियम’. चौकाचौकांत ‘रेडियम आर्ट’च्या पाट्या असतात आणि नंबरप्लेटपासून देवाच्या नावापर्यंत सगळं कापून देणारा तो ‘रेडियमवाला’. पण त्या चिकटपट्टीत रेडियमचा कणही नसतो. मेरी आणि पिएर क्युरी यांनी 1898 मध्ये शोधलेलं रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य. ते मिसळलेल्या रंगाने एकेकाळी घड्याळांचे काटे रंगवत आणि ते काटे अंधारात आपणहून चमकत. तो रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींना पुढे भयंकर आजार जडले. घड्याळातून ते रेडियम गेलं, पण आपल्या बोलीत नाव राहिलं.

फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. रेडियमचा रंग स्वतः उजळायचा. आपला रिफ्लेक्टर स्वतःचा एक किरणही देत नाही. समोरच्याने दिलेला उजेड तो त्याचा त्याला परत करतो.

कॅरमच्या बोर्डावर उत्तर सापडतं

साध्या आरशावर तिरका झोत टाका, तो दुसऱ्याच बाजूला निघून जातो. मग रिफ्लेक्टर कुठूनही आलेला उजेड नेमका आल्या वाटेने परत कसा पाठवतो?

कॅरम खेळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. स्ट्रायकर कोपऱ्याजवळ एका कडेला आपटून लगेच दुसऱ्या कडेला आपटला, तर तो ज्या दिशेने गेला त्याच्या अगदी उलट दिशेने, समांतर रेषेत परत येतो. कोन कोणताही असो, दोन कडा काटकोनात असल्या की हे होणारच. यात तिसरी काटकोनी कड वाढवा, म्हणजे खोलीचा कोपरा घ्या, जिथे दोन भिंती आणि जमीन मिळते. तिथे आलेला प्रकाशकिरण तीनदा आपटून उलट पावली परततो. रिफ्लेक्टर जवळून पाहिला की मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते ना? ती शोभेची नक्षी नाही. प्लास्टिकमध्ये ओतलेले खोलीचे शेकडो इवले कोपरे आहेत ते.

मागची हवा गेली की जादू गेली

या कोपऱ्यांना बहुधा पारा नसतो, चांदीचा मुलामाही नसतो. मग उजेड परततो कशाने? मागच्या हवेने! ॲक्रिलिक प्लास्टिकमधून हवेकडे जाणारा किरण 42 अंशांपेक्षा जास्त तिरका असेल तर तो बाहेर पडूच शकत नाही, पूर्णच्या पूर्ण आत परततो. समोरून सरळ आलेला किरण या कोपऱ्यांच्या भिंतींवर सुमारे 55 अंशांनी पडतो. म्हणजे परतीचं तिकीट पक्कं.

आता तडा गेलेल्या रिफ्लेक्टरच्या पाठीमागे पावसाचं पाणी शिरलं असं समजा. हवेच्या जागी पाणी आलं की ही मर्यादा 42 वरून साधारण 63 अंशांवर जाते. आपला किरण 55 चाच. तो परतायचं सोडून पाण्यात निसटतो आणि रिफ्लेक्टर आंधळा होतो. बाहेरून लाल दिसतो, रात्री मात्र मुका. म्हणूनच फुटक्या रिफ्लेक्टरच्या पाठीमागे सिलिकॉन भरणं किंवा फेविक्विक ओतणं म्हणजे औषध म्हणून विष देणं. तडा गेला की बदलायचा, हाच नियम.

बैलाचे डोळे चमकतात, आपले नाही

रात्रीच्या रस्त्यावर गाय, बैल, कुत्रा किंवा मांजर समोर आलं की हेडलाइटमध्ये त्यांचे डोळे लखकन चमकतात. त्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे एक चमकदार पडदा असतो. एकदा निसटलेला उजेड तो पुन्हा दृष्टिपटलावर टाकतो, त्यामुळे अंधुक प्रकाशातही त्यांना बरं दिसतं. माणसाला हा पडदा नाही. डुकरालाही नाही. म्हणून अंधारात रस्ता ओलांडणारा माणूस चालकाला बैलापेक्षाही उशिरा दिसू शकतो.

मांजर, धुकं आणि पर्सी शॉ

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या हॅलिफॅक्स गावचे पर्सी शॉ यांनी हीच मांजराच्या डोळ्यांची युक्ती रस्त्यात बसवली. 1934 मध्ये त्यांनी ‘कॅट्स आय’चं पेटंट घेतलं आणि 1935 मध्ये कंपनी काढली. त्यातली खरी गंमत रबरात आहे. काचेचे डोळे रबराच्या गादीत बसवलेले असतात. चाक वरून गेलं की गादी दबते, डोळे खाली जातात आणि रबराची कड त्यांना पुसून काढते. खालच्या लोखंडी खाचेत साठलेलं पावसाचं पाणी त्या पुसण्याला कामी येतं. पापणी मिटते आणि डोळा स्वच्छ! दुसऱ्या महायुद्धात दिवेबंदीच्या रात्री या डोळ्यांचं महत्त्व सगळ्यांना पटलं.

आपल्या महामार्गांवर लेनच्या पट्ट्यांशेजारी चमकणारे प्लास्टिकचे ठोकळे त्याच घराण्यातले. फक्त त्यांना पापणी नसते, त्यांना पाऊसच धुतो.

दवाचा थेंब आणि झेब्रा क्रॉसिंग

हिवाळ्यात सकाळी उन्हाकडे पाठ करून दवाने भिजलेल्या गवतावर उभे राहा. तुमच्या सावलीच्या डोक्याभोवती एक उजळ वलय दिसेल. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या डोक्याभोवती काही दिसणार नाही, त्याला स्वतःच्याच सावलीभोवती वलय दिसेल! दवाचा प्रत्येक थेंब इवलं भिंग होतो, उजेड पाठीमागच्या पात्यावर एकवटतो आणि आल्या वाटेने परत पाठवतो.

रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये हीच करामत काचेच्या बारीक मण्यांकडून करून घेतात. रंग ओला असतानाच त्यावर मणी शिंपडतात, म्हणून रात्री झेब्रा क्रॉसिंग उठून दिसतं. रेडियमवाल्याच्या साध्या चिकटपट्टीतही असेच मणी असतात. म्हणजे रिफ्लेक्टरची दोन घराणी: एक कोपऱ्यांचं, दुसरं मण्यांचं.

एकच गाडी, दोन चेहरे

अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या भाच्याने किंवा मैत्रिणीने पाठवलेला त्यांच्या गाडीचा फोटो काढून बघा. पुढच्या चाकाच्या पुढे, कडेला नारिंगी ठिपका किंवा पट्टी असेल आणि मागच्या चाकाच्या मागे लाल. हे कंपनीच्या आवडीचं काम नाही, कायद्याचं आहे. 1 जानेवारी 1968 पासून अमेरिकेत नव्या गाड्यांच्या कुशीवर चारही कोपऱ्यांत खूण सक्तीची झाली. आधी दिवा किंवा रिफ्लेक्टर यांपैकी एक चालत असे. 1970 पासून दोन्ही लागू लागले. जुन्या गाड्यांचे शौकीन या खुणांवरून गाडी कोणत्या सालची ते ओळखतात.

डिझाइन करणाऱ्यांनी सक्तीचंही सोनं केलं. 1968 च्या पॉन्टियॅक फायरबर्ड गाडीची मागची कडेची खूण चक्क कंपनीच्या चिन्हाच्या, बाणाच्या टोकाच्या आकारात घडवली होती.

युरोपात पाळले जाणारे नियम वेगळे. तिथे कडेचे रिफ्लेक्टर 6 मीटरपेक्षा लांब मोटारवाहनांना आणि ट्रेलरना सक्तीचे, छोट्या मोटारींना ऐच्छिक. त्यामुळे तीच गाडी अटलांटिक ओलांडली की तिच्या गालावर नारिंगी टिकली चढते. अमेरिकेतल्या काही हौशींना ही टिकली डोळ्यांत खुपते. मग कुणी गाडीच्या रंगाचं झाकण चिकटवतं, कुणी धुरकट फिल्म लावतं, कुणी युरोपातला कोरा तुकडा मागवून बसवतं. तिथल्या कायद्यात बसत नाही, तरी हौस भागवली जाते. तीच हौस आता आपल्याकडेही येऊन पोचली आहे. आपल्याकडे ती येऊन बसते ती मागच्या लाल पट्टीवर.

तोंड कुठे, शेपूट कुठे?

पुढे नारिंगी, मागे लाल हा भेद का? अंधाऱ्या फाट्यावर एखादी गाडी आडवी उभी असेल तर बघणाऱ्याला ती कोणत्या दिशेने निघेल हे रंगावरून कळावं म्हणून.

आपल्या ट्रक-टेम्पोंवरही रंगांची हीच भाषा आहे. पुढे पांढरी चमकपट्टी, कडेला पिवळी, मागे लाल. अंधारात नुसती पिवळी लांब रेघ दिसली की समजायचं, ट्रक आडवा आहे, पाय ब्रेकवर! मोटारगाड्यांना पाठीमागे दोन्ही बाजूंना मिळून दोन लाल रिफ्लेक्टर हवेत, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलेलं आहे. म्हणजे मागची ती पट्टी सजावटीचा भाग नाही, गाडीचा कायदेशीर अवयव आहे.

काळ्या फिल्मचं दुहेरी गणित

‘फिल्म हलकीच आहे हो, निम्मा उजेड जातो,’ असं ॲक्सेसरीजच्या दुकानात सांगतात. हिशेब तिथेच चुकतो. दिव्यावर फिल्म लावली तर उजेड तिच्यातून एकदा जातो. रिफ्लेक्टरवर लावली तर दोनदा, जाताना एकदा आणि येताना एकदा. निम्म्याचं निम्मं म्हणजे हातात उरतो फक्त पाव. 35 टक्के उजेड सोडणारी फिल्म असेल तर परत येतो सुमारे 12 टक्के. 20 टक्केवाली असेल तर 4. आणि अगदी गडद 5 टक्केवाली असेल तर 400 भागांतला एक भाग!

त्यात लाल रंगाची बाजू मुळातच पडती. पांढऱ्या झोतातला फक्त लाल वाटा तो परत करतो, बाकीचं पिऊन टाकतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत लाल रिफ्लेक्टरकडून जेवढा उजेड मागतात, त्याच्या अडीचपट नारिंगीकडून आणि चौपट बिनरंगीकडून मागतात. ज्याच्या गाठीला आधीच कमी, त्याच्यावरच आपण काळी चादर टाकतो.

रुबाबच हवा असेल तर रस्ता आहे. रिफ्लेक्टरभोवतीची प्लास्टिकची चौकट काळी करा, बंपरची खालची कड काळी करा. लाल काचेला हात लावू नका. काळ्या चौकटीत लाल पट्टी उलट जास्त खुलते.

ट्रकवाल्याला कमी का दिसतं?

रिफ्लेक्टर उजेड परत करतो तो अगदी अरुंद झोतात. मोटारीत चालकाचे डोळे हेडलाइटपेक्षा साधारण अर्धा मीटर वर असतात. 100 मीटरवरून हा फरक म्हणजे अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा, त्यामुळे परतणारा झोत डोळ्यांत शिरतो. रिफ्लेक्टरची प्रयोगशाळेतली परीक्षाही अशाच कोनात घेतात, एकदा एक तृतीयांश अंशाला आणि एकदा दीड अंशाला. ट्रकचा चालक मात्र दिव्यांच्या पुष्कळ वर बसतो. परतणाऱ्या झोताचा मधला, प्रखर भाग त्याच्या डोळ्यांखालून निघून जातो. जो रिफ्लेक्टर मोटारवाल्याला झगझगीत दिसतो, तोच ट्रकवाल्याला मंद दिसतो. तुमच्या मागून येणारं सगळ्यात जड वाहन तुम्हाला सगळ्यात कमी बघत असतं. अशा वेळी काचेवर मळ, चरे किंवा फिल्म असणं किती महाग पडेल?

काचेवर लिहिलेली कुंडली

रिफ्लेक्टरवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. वाचायला घ्या, मजा येते. वर्तुळात ‘ई’ हे रोमन अक्षर आणि शेजारी आकडा असेल तर तो भाग संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे तपासलेला आहे आणि आकडा सांगतो मान्यता देणारा देश. 1 म्हणजे जर्मनी, 2 म्हणजे फ्रान्स, 4 म्हणजे नेदरलँड्स, 11 म्हणजे ब्रिटन. ‘आयए’ लिहिलं असेल तर साधा मोटारीचा रिफ्लेक्टर. रोमन तीन आणि ‘ए’ असेल तर तो ट्रेलरचा त्रिकोणी. अमेरिकी पद्धतीच्या भागावर नुसतं ‘ए’ हे अक्षर म्हणजे रिफ्लेक्टर.

बाजारात नुसतं लाल प्लास्टिकही मिळतं. दिवसा हुबेहूब, रात्री मेलेलं. कुंडली कोरी असेल तर दुकानातच मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून चार पावलं मागे जा. लखलखला तर घ्या, नाहीतर ठेवा. एलईडीवाले ‘फॅन्सी’ रिफ्लेक्टर घेतानाही हीच परीक्षा करा, आणि दिवा बंद ठेवून करा. काहींमध्ये एलईडी असते, पण कोपऱ्यांची नक्षीच नसते. चावी काढली की असा तुकडा नुसतं प्लास्टिक.

बदला स्वतःच, अर्ध्या तासाचं काम

आधी ओळखा, तुमचा रिफ्लेक्टर कोणत्या जातीचा आहे. जाती तीन: क्लिपचा, मागून स्क्रू किंवा नट लावलेला आणि डबल टेपने चिकटवलेला. यांतल्या कशातही दिवा बसवलेला असेल तर मागे वायर असते, हे विसरू नका.

सुरुवात सगळ्यांची एकच. बंपर धुऊन कोरडा करा आणि रिफ्लेक्टरभोवती पेंटरची कागदी टेप लावा, म्हणजे रंगावर ओरखडा येणार नाही.

क्लिपचा असेल तर एका टोकाला साधा हुक असतो आणि दुसऱ्या टोकाला लवचीक लॉक. लॉकच्या टोकाशी प्लास्टिकची चपटी पट्टी घालून हलकेच दाबा. स्क्रूड्रायव्हरच वापरायचा असेल तर टोकाला फडकं गुंडाळा. एक बाजू सुटली की दुसरी आपोआप येते. नवा बसवताना आधी हुक, मग लॉक. ‘टक’ असा आवाज आला की समजा बसला.

नटाचा असेल तर बंपरच्या खालून किंवा चाकावरच्या प्लास्टिकच्या लायनरमागून हात घालावा लागतो. गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली शिरू नका. हात पोचत नसेल तर हे काम गॅरेजवर सोडा. नवा नट हाताने आवळा, पान्याने पिळू नका. प्लास्टिकचा खुंटा तुटतो आणि काचेला नवा तडा जातो.

चिकटवलेला असेल तर हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं शेका, मग मासेमारीची तंगूस दोन्ही हातांत ताणून रिफ्लेक्टरच्या मागून करवतीसारखी ओढा. टेप लोण्यासारखी कापली जाते. उरलेला चिकटा अंगठ्याने चोळून काढा आणि जागा स्पिरिटने पुसा. नवी टेप लावून मिनिटभर घट्ट दाबा आणि एक दिवस गाडी धुऊ नका.

वायर असेल तर गाडी बंद करून आधी सॉकेटचं लॉक दाबून वायर सोडवा, मगच रिफ्लेक्टर ओढा.

आणि चार गोष्टी प्रत्येकाने पाळाव्यात. एक, काचेला थिनर किंवा पेट्रोल लावू नका. ॲक्रिलिकला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि चमक कायमची जाते. साबणाचं पाणी पुरतं. दोन, डावा-उजवा वेगळा असतो, पाठीमागे खूण असते ती बघून घ्या. तीन, रिफ्लेक्टर मूळच्याच जागी, मूळच्याच उंचीवर बसवा, तिरपा नको. चार, खाली पाणी निथळायला ठेवलेलं भोक बुजवू नका.

नवा भाग मिळायला वेळ लागत असेल तर तोवर लाल चमकपट्टीचा तुकडा कापून त्या जागी चिकटवा. रेडियमवाल्याकडे दोन मिनिटांचं काम. कायमचा इलाज नाही, पण तेवढ्या रात्री तरी गाडी दिसेल.

न झाकताही झाकला जातो तो असा

फिल्म लावणारे थोडे, नकळत झाकणारे पुष्कळ. कोकणातून पावसाळ्यात परतलेली गाडी बघा, मागचा सगळा भाग लाल मातीने माखलेला असतो आणि रिफ्लेक्टर त्यातच गडप. डेंटर-पेंटरकडून आलेल्या गाडीवर कधी रंगाचा उडालेला फवारा काचेवर बसलेला असतो, तर कधी कागदी टेप काढायचीच राहून जाते. डिकीला लावलेला सायकलचा स्टँड त्याच्या आडवा येतो. आणि काही वर्षं उन्हात तापलेला लाल रंग गुलाबी पडतो, तेव्हा तो काम सोडून चालला आहे असं समजावं.

सगळ्यात जीवघेणं झाकण मात्र उसाचं. गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्राच्या आणि मराठवाड्याच्या रस्त्यांवर रात्रंदिवस ऊस कारखान्याकडे निघतो. ट्रॉलीच्या आणि टायर-बैलगाडीच्या बाहेर उसाचे शेंडे लोंबतात आणि मागचे रिफ्लेक्टर त्यांच्याआड जातात. बैलगाडीला ना बॅटरी, ना टेललाइट. बैलांचे डोळे चमकतात ते पुढून, मागून येणाऱ्याला दिसतो फक्त काळोखाचा ढीग. 80 च्या वेगाने येणारी मोटार सेकंदाला 22 मीटर अंतर कापते. दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ते अंतर संपलेलं असतं. म्हणूनच हंगामाच्या तोंडावर कारखान्यांच्या आवारात वाहनांना रिफ्लेक्टर लावण्याचे उपक्रम होतात, आणि उसाच्या मोळ्यांवरून मागे लोंबता सोडायचं चमकपट्ट्यांचं लाल कापड मिळतं. गाडीला ठोकलेला रिफ्लेक्टर उसाआड जातो, कापड मात्र उसाच्या बाहेर राहतं. साधी युक्ती, पण ऊसतोड करणाऱ्या अख्ख्या कुटुंबाचा जीव तिच्यावर असतो.

घोडागाडीसाठी काढलं, माणसाच्या खिशात आलं

फिनलंडमध्येही गोष्ट अशीच गाडीपासून सुरू झाली. अर्वी लेहती हे प्लास्टिकच्या वस्तू बनवणारे गृहस्थ. त्यांनी रिफ्लेक्टर काढले ते घोडागाड्या अंधारात दिसाव्यात म्हणून. मग 1960 च्या दशकात त्यातूनच पायी चालणाऱ्यांसाठी कोटाला लटकवायचा छोटा रिफ्लेक्टर आला. हिवाळ्यात दुपारीच काळोख होणाऱ्या त्या देशात आज अंधारात चालणाऱ्याने रिफ्लेक्टर लावावा असं कायदाच सांगतो. पहाटे पायी पंढरीला निघणाऱ्या आपल्या वारकऱ्याच्या पिशवीलाही अशी एक चमकपट्टी शोभेल.

आणि हा बघा चंद्रावरचा!

जुलै 1969 मध्ये अपोलो 11 च्या वीरांनी चंद्रावर 100 कोपरे असलेला रिफ्लेक्टर ठेवला. 1971 मध्ये अपोलो 15 ने 300 कोपऱ्यांचा मोठा ठेवला. पृथ्वीवरून लेझर मारायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि अंतर काढायचं. चंद्र दर वर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर चालला आहे हे आपल्याला अचूक कळलं ते याच मोजमापातून. सोव्हिएत संघाची ‘लुनोखोद 1’ ही चंद्रगाडी 1971 मध्ये गप्प झाली. जवळजवळ 40 वर्षांनी, 2010 मध्ये तिच्यावर लेझर पडला आणि तिच्या पाठीवरच्या रिफ्लेक्टरने चोख उत्तर दिलं!

आता आपली गोष्ट. 23 ऑगस्ट 2023 ला उतरलेल्या चांद्रयान 3 च्या ‘विक्रम’वर नासाने दिलेला असाच एक रिफ्लेक्टर आहे, जेमतेम 5 सेंटिमीटर रुंद, 8 कोपऱ्यांचा. चंद्रावरची थंड रात्र आली आणि विक्रम झोपला तो उठला नाही. पण 12 डिसेंबर 2023 ला नासाच्या चांद्रपरिक्रमा करणाऱ्या यानाने लेझरचा झोत टाकला आणि रिफ्लेक्टरने तो परत केला. यान झोपलेलं, बॅटरी गोठलेली, पण राखणदार जागा!

तुमच्या बंपरवरच्या पट्टीचं कामही नेमकं हेच आहे. गाडी झोपलेली असताना जागं राहायचं.

आज रात्रीचं एक काम

जेवण झाल्यावर टॉर्च घ्या आणि गाडीपासून वीस-पंचवीस पावलं मागे जा. टॉर्च कमरेशी धरू नका, कानाशेजारी धरा, कारण उजेड आल्या वाटेनेच परततो. दोन्ही लाल पट्ट्या निखाऱ्यासारख्या पेटल्या तर गाडी तयार आहे. एखादी विझलेली दिसली तर आधी ओल्या फडक्याने पुसा. तरीही पेटली नाही तर फिल्म असेल ती काढा, तडा असेल तर बदला. मग शेजाऱ्याची गाडी बघा, वडिलांची स्कूटर बघा, मुलीची सायकल बघा.

गाडी चालवताना तुम्हाला तुमचा स्वतःचा रिफ्लेक्टर कधीच दिसत नाही. तो दिसतो मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला, तोही त्याच्याच दिव्याच्या उजेडात. म्हणून तो झाकू नका. फुटला असेल तर या रविवारी स्वतःच्या हाताने बदला.